रील्समधला 'खरा मर्द' आणि आपला मुलगा: नाशिकच्या पालकांसाठी

सातवी-आठवीतली मुलं हल्ली एकमेकांना 'सिंप' म्हणून चिडवतात. मुलीला वही दिली, वर्गात तिच्या बाजूने दोन शब्द बोलला, तिच्या वाढदिवसाला स्टेटस ठेवलं, की झाला तो सिंप. कुणाला न जुमानणारा, कुणाशी फारसं न बोलणारा तो 'सिग्मा'. सगळ्यांवर हुकूम चालवणारा 'अल्फा', आणि ज्याच्यावर हुकूम चालतो तो 'बेटा'. मी नाशिकमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते, आणि हे शब्द मला मराठी माध्यमाच्या वर्गात ऐकू येतात. सिडकोतल्या मुलाकडून येतात, गंगापूर रोडच्या मुलाकडूनही येतात. पालकसभेत मी ते उच्चारले, की बहुतेक आईवडील पहिल्यांदाच ऐकतात.

हा लेख अकरा ते सतरा वर्षांच्या मुलग्यांच्या पालकांसाठी आहे. तुमचा मुलगा वाईट आहे म्हणून तो हे बघतो असं नाही. त्याच्या मनात काही खरे प्रश्न आहेत: मी बुटका का, ती माझ्याशी का बोलत नाही, मला मित्र का नाहीत, पुढे माझं काय होणार. हे प्रश्न घरात विचारायची सोय नव्हती, आणि रीलने न विचारता उत्तर दिलं. आपल्याला ती सोय घरात करायची आहे. फोन आवरणं हा त्यातला एक भाग झाला, तोही छोटा.

आधी माल ओळखा

धोका म्हणजे अश्लील व्हिडिओ, असं बहुतेक पालक धरून चालतात. तो धोका आहेच. पण मी ज्याबद्दल बोलतेय, ते सुरुवातीला अगदी सज्जन दिसतं. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, व्यायाम करा, रडत बसू नका, पैसे कमवा. कुठल्या आईबापाला हे खटकेल? मुलगा असं काही बघतोय म्हणून आपण खूशच होतो. त्याच माणसाच्या पुढच्या व्हिडिओत मुलीला 'जास्त भाव' द्यायचा नाही हे येतं. त्याच्या पुढच्यात बायका पैशाकडेच बघतात हे येतं. आणखी पुढे, ऐकत नसेल तर तिला जागा दाखवली पाहिजे, इथपर्यंत गाडी जाते. व्यायामाचा सल्ला खरा निघाला, अंगात फरक दिसला, की पुढचंही खरंच असणार असं तेरा वर्षांच्या मुलाला वाटतं.

अँड्र्यू टेट हे नाव तुमच्या मुलाने बहुधा ऐकलेलं आहे. हा पूर्वीचा किकबॉक्सर, नंतर असल्याच व्हिडिओंमुळे गाजलेला. ऑगस्ट 2022 मध्ये फेसबुक, इंस्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने त्याची खाती बंद केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रोमानियात त्याला ताब्यात घेतलं गेलं आणि 2023 मध्ये त्याच्यावर मानवी तस्करी आणि बलात्काराचे आरोप ठेवले गेले. तो ते नाकारतो. खाती बंद झाली तरी क्लिप्स फिरत राहिल्या, कारण त्या त्याचे चाहते टाकत होते. त्यामागचं पैशाचं गणित पुढे सांगते, मुलाशी बोलताना ते फार उपयोगी पडतं.

हे शोधायला जावं लागत नाही, ते शोधत येतं. 2024 मध्ये डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कोऱ्या फोनवर मुलग्यांची म्हणून खाती उघडली आणि टिकटॉक आणि यूट्यूब शॉर्ट्सवर काय समोर येतं ते पाहिलं. काही खात्यांवरून फक्त जिम, गेमिंग, खेळ असलं साधंच शोधलं होतं. तरीही प्रत्येक खात्याला पहिल्या 23 मिनिटांत स्त्रीविरोधी किंवा तसलाच टोकाचा मजकूर दाखवला गेला. टिकटॉकवर भारतात जून 2020 पासून बंदी आहे, पण शॉर्ट्स आणि रील्स आहेतच. तुम्ही कशावर किती सेकंद थांबलात, काय पुन्हा पाहिलं, काय मित्राला पाठवलं, यावर पुढचं ठरतं. रागाने थांबलात तरी ते थांबणंच मोजलं जातं. म्हणजे 'काय मूर्ख आहे हा' म्हणत बघणाऱ्या मुलालाही तेच आणखी मिळतं.

परदेशी मालाबरोबर देशी मालही आहे. 'धोका देणारी पोरगी' या विषयावरची हिंदी-मराठी रील्स. पोटगी आणि खोट्या केसेसच्या नावाने समस्त बायकांना शिव्या घालणारे पॉडकास्ट. आणि आपल्या नाशिकला चांगलेच ठाऊक असलेले 'भाई' रील्स: हातात कोयता, तलवारीने कापलेला केक, गाडीच्या बॉनेटवर बसलेला दादा, मागे दमदाटीचा डायलॉग. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिक पोलिसांनी अशा मंडळींना पकडून त्यांच्याकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं म्हणवून घेतलं आणि ते व्हिडिओ राज्यभर फिरले. घराघरात समाधान व्यक्त झालं. त्या समाधानात मुलाशी बोलायचं मात्र राहून गेलं. त्याने आधी एका दादाला दुसऱ्यावर जोर करताना पाहिलं, मग त्या दादावर कुणी मोठा जोर करताना पाहिलं. ज्याचा जोर त्याचं राज्य, हा धडा दोन्हीकडे सारखाच राहिला. तुमच्या घरात तो व्हिडिओ पाहिला गेला असेल तर आजही विचारता येईल: त्या पोराला पहिला कोयता हातात घ्यावासा का वाटला असेल, तेव्हा त्याच्याशी कोण बोलत होतं?

घरातली वाक्यं

सेटिंग्जच्या आधी हे, कारण याच्याशिवाय सेटिंग्जचा उपयोग नाही. एक आठवडा नुसतं ऐका, आपल्या घरात काय बोललं जातं. 'मुलींसारखा काय रडतोस.' 'हातात बांगड्या भरल्यात का?' 'बायकोच्या ताटाखालचं मांजर झालाय तो.' 'तिला काय विचारतोस, तिला काय कळतंय त्यातलं.' रील्समधला माणूस हेच बोलतो, फक्त महागड्या गाडीत बसून. मुलाने ते तिथे ऐकलं की त्याला ते ओळखीचं लागतं, आणि ओळखीचं ते खरं वाटतं.

मग कामं बघा. जेवण झाल्यावर कोण उठतं आणि कोण फोन घेऊन बसतं? पाहुणे आले की पाणी आणायला बहिणीलाच हाक जाते का? मुलग्याला घरकाम शिकवण्याचं कारण 'पुढे बायकोला मदत होईल' असं सांगू नका. स्वतःचं ताट, स्वतःचे कपडे, आठवड्यातून दोनदा स्वयंपाकातलं एखादं पूर्ण काम, हे घरात राहणाऱ्या माणसाचं काम म्हणून द्या. वरण-भाताचा कुकर बाराव्या वर्षी येतो, पोळ्या चौदाव्या वर्षी येतात. सुरुवातीला नकाशे होतील, होऊ द्या.

वडिलांसाठी थोडं स्पष्ट लिहिते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, दुकान सांभाळणारे, ओझर किंवा सिन्नरला रोज ये-जा करणारे बाबा मला सांगतात, की मुलाशी बोलायला वेळच नसतो. मुलाला तुमचं भाषण नकोच आहे. त्याला तुम्हाला बघायचंय: तुम्ही चुकलात तेव्हा त्याच्या आईला 'माझं चुकलं' म्हणता का, पगार अडकला तेव्हा तुम्हाला काय वाटलं हे कधी बोलता का, आजोबा गेले तेव्हा तुम्ही रडलात ते लपवून रडलात का. 'मलाही भीती वाटते' हे वाक्य एकदा बाबांच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला, पुरुषाला काही वाटत नसतं हे कुणी पटवू शकत नाही.

घरात वडील नसतील, वारले असतील किंवा वेगळे राहत असतील, तर मामा, काका, आजोबा, क्रिकेटचे सर, वरच्या मजल्यावरचे शेजारी यांतला एक माणूस निवडा. विश्वासातला आणि बायकांशी नीट वागणारा. त्याला सरळ सांगा: 'महिन्यातून दोनदा याला सोबत न्या. काही शिकवू नका, सोबत ठेवा.' एकट्या आईने हे मागण्यात काही कमीपणा नाही.

त्याच्यासोबत बघा, मग विचारा

समोर बसवून 'मला तुझ्याशी बोलायचंय' म्हटलं की मुलगा आत ओढला जातो. शेजारी बसून, नजर दुसरीकडे असताना मुलगे जास्त बोलतात. क्लासला सोडायला जाताना, भाजी निवडताना, गोल्फ क्लबच्या मैदानावर चक्कर मारताना. पहिल्या वेळी फक्त एवढंच म्हणा: 'तुला हल्ली कुणाचे व्हिडिओ आवडतात? दाखव ना एक.' तो दाखवेल तो साधाच असेल. पूर्ण बघा. नाक मुरडू नका. 'याच्यात तुला काय आवडतं?' विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ही शांतता आपल्याला फार जड जाते, मला माहीत आहे.

तीन-चार वेळा असं झालं की एखादा खटकणारा व्हिडिओ आपोआप येईल. तेव्हाचं बोलणं साधारण असं व्हावं.

'आई, हा बोलतो ते खरं आहे. पोरींना पैसेवालाच लागतो.'

'असं? बरं, तुझ्या ओळखीच्या कोण आहेत अशा?'

'ओळखीच्या नाहीत. पण असतं.'

'मावशीने काकांशी लग्न केलं तेव्हा काकांकडे काय होतं, माहितीये? विचार तिला रविवारी.'

बस. इथे थांबायचं. 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हे म्हणायचं नाही. त्याला मावशीला विचारू दे. आपण वादात जिंकलो तर तो पुढच्या वेळी दाखवणार नाही, आणि दाखवणं चालू राहणं ही आपली खरी मिळकत आहे.

काही प्रश्न पुन्हा पुन्हा कामाला येतात. हे ऐकून तुला बरं वाटलं की राग आला? कुणाचा राग आला? हा माणूस तुझ्या बहिणीबद्दल असं बोलला तर? हे बोलून याला काय मिळतं? शेवटच्या प्रश्नात सगळ्यात जास्त ताकद आहे. टेटने 'हसलर्स युनिव्हर्सिटी' नावाची ऑनलाइन योजना चालवली. महिन्याला सुमारे 50 डॉलर फी. नवीन गिऱ्हाईक आणलं की आणणाऱ्याला कमिशन. म्हणून हजारो मुलं त्याच्या क्लिप्स कापून जिकडेतिकडे टाकत होती, आणि जी क्लिप जास्त भांडण लावेल ती जास्त चालत होती. हे मुलाला सांगा. 'मला कुणी गंडवू शकत नाही' असं वाटण्याचं त्याचं वय आहे. आपण कुणाचं तरी गिऱ्हाईक आहोत हे कळलं, की त्याला स्वतःहून राग येतो. मग देशी चॅनल्सही त्याच्यासोबत तपासा: व्हिडिओच्या खाली काय विकतोय? कोर्स, प्रोटीनचा डबा, ट्रेडिंगचं अ‍ॅप, की सट्टा?

खऱ्या-खोट्याची सरमिसळ सोडवताना

इथे बहुतेक पालक घसरतात. मुलगा काहीतरी बोलतो, आपण 'मूर्खासारखं बोलू नको' म्हणतो. पण त्याच्या बोलण्यात पाव हिस्सा खरं असतं, आणि ते आपण नाकारलं की उरलेलं पाऊणही त्याला खरंच वाटायला लागतं. खरं तेवढं आधी मान्य करा.

'आत्महत्या पुरुषच जास्त करतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.' पहिला भाग खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदवल्या गेल्या, त्यांत सुमारे 72 टक्के पुरुष होते. मुलाला सांगा की हे भयंकर आहे आणि यावर बोललंच पाहिजे. मग त्याच अहवालातली कारणं बघा: कौटुंबिक प्रश्न सुमारे 32 टक्के, आजारपण सुमारे 18 टक्के, लग्नाशी संबंधित कारणं सुमारे 5 टक्के. जीव देणाऱ्या दर चार जणांमागे एक जण रोजंदारीवर काम करणारा. द्राक्षाचा आणि कांद्याचा भाव कोसळला की काय होतं, हे नाशिक जिल्ह्यातल्या मुलाला परक्या माणसाने सांगायला नको. पुरुष मदत मागायला लाजतात आणि त्यातून मरतात. 'रडू नकोस, कुणाला सांगू नकोस' असं शिकवणारा रीलवाला या मुलांचा कैवारी कसा, हे त्यालाच विचारू द्या.

'498 च्या सगळ्या केसेस खोट्या असतात.' 498 म्हणजे विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाविरुद्धचं कलम. काही केसेस खोट्या असतात. सर्वोच्च न्यायालयानेही गैरवापराची दखल घेतली आणि 2014 च्या अर्नेश कुमार निकालात पोलिसांना सरसकट अटक करायला मनाई केली. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 18 ते 49 वयाच्या विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बायकांपैकी सुमारे 29 टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्या बायकांपैकी सुमारे 14 टक्क्यांनीच कुठे मदत मागितली. दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवा. केस न करणाऱ्या बायका रीलमध्ये कधी का दिसत नाहीत, हा प्रश्न त्याला पडला पाहिजे.

'मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात, शेतकऱ्याच्या पोराला कुणी देत नाही.' हे तर रीलच्याही आधी तो लग्नाच्या पंगतीत ऐकतो. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे ज्यांचं गाव आहे, त्यांच्या घरात तिशी ओलांडलेला एखादा दादा असतोच आणि त्याचं दुःख खरं असतं. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. त्यांची मागणी काय होती? गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा. तो कायदा 1994 चा आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. राग तोच, पण त्या मुलांनी तो मुलींवर काढला नाही, मुली जन्मू न देणाऱ्यांवर काढला. याच विषयावर नववीच्या वर्गात मी पाहिलेली शांतता मला आजही महत्त्वाची वाटते.

'ऐंशी टक्के पोरी वीस टक्के पोरांच्याच मागे असतात.' याला आकडेवारीने उत्तर द्यायची गरज नाही. त्याच्या नात्यातली, सोसायटीतली, शाळेच्या स्टाफरूममधली जोडपी मोजू दे.

आणि ज्या मुलाच्या स्टेटसला कायम शिवाजी महाराज असतात, त्याला रांझे गावच्या पाटलाची गोष्ट सांगा. 1646 सालचं पत्र आहे. एका स्त्रीशी बदअमल (गैरवर्तन) केला म्हणून महाराजांनी बाबाजी गुजर पाटलाचे हातपाय तोडवले आणि पाटीलकी काढून घेतली. शिक्षा त्या काळाची होती. पण अन्याय बाईवर झाला होता, आरोपी गावचा बडा माणूस होता आणि वय विशीच्याही आतलं असताना महाराज कुणाच्या बाजूने उभे राहिले, हे मुलांना आतपर्यंत कळतं. महाराजांचं चित्र लावून मुलींना शिव्या देणाऱ्या पेजेसबद्दल मग वेगळं बोलावं लागत नाही.

फोनचं काय

आधी इंस्टाग्रामवरची जन्मतारीख तपासा. असंख्य मुलांनी अकाउंट काढताना वय वाढवून टाकलेलं असतं, त्यामुळे 2025 पासून भारतात आलेलं 'टीन अकाउंट' त्यांना लागूच होत नाही. ते लागू असेल तर अकाउंट आपोआप खाजगी राहतं, आणि सोळाच्या आतल्या मुलाला सेटिंग्ज ढिली करायला पालकाची परवानगी लागते.

फीड, म्हणजे समोर येणाऱ्या व्हिडिओंची रांग, बिघडलं असेल तर ते धुऊन काढता येतं. इंस्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस'खाली सुचवला जाणारा मजकूर रीसेट करण्याची सोय आहे. यूट्यूबवर वॉच हिस्टरी पुसा, आणि नको त्या व्हिडिओच्या तीन टिंबांवर दाबून 'डोन्ट रेकमेंड चॅनल' निवडा. हे तुम्ही करू नका, त्याच्या हाताने करून घ्या. मग पुढचा अर्धा तास त्याला खरोखर आवडणाऱ्या गोष्टी दोघांनी शोधा: क्रिकेट, किल्ले, बाईक दुरुस्ती, काहीही. नवं फीड त्यातून तयार होतं.

रात्री दहानंतर घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचेही. लहान मुलासाठी गुगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर पालकांना नियंत्रण देणारं अ‍ॅप, चांगलं आहे, सोळाव्या वर्षी ते भांडणाचं कारण होतं. चोरून मेसेज वाचण्याच्या मी विरोधात आहे, अपवाद फक्त जिवाचा धोका दिसत असेल तेव्हाचा. डिस्कॉर्ड आणि टेलिग्राम या चॅटिंग अ‍ॅप्सवरच्या ग्रुपांबद्दल मात्र सरळ विचारा, कोण चालवतं, त्यात अनोळखी मोठी माणसं आहेत का. खरी भरती बंद ग्रुपांत होते.

शरीर, चेहरा, आणि सोबत

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगे आरशासमोर तासन्‌तास असतात, हे आपण मुलींच्या बाबतीतच गृहीत धरतो. जबडा टोकदार व्हावा म्हणून जीभ टाळूला दाबून ठेवणं, त्याला ते 'म्यूइंग' म्हणतात. उंचीच्या गोळ्या. जिममधल्या कुणीतरी दिलेली पावडर. घरात रंगावरून, उंचीवरून, मिसरूड न फुटण्यावरून चेष्टा होत असेल तर आजपासून बंद करा, काका-आत्यांनाही सांगा. पावडर, इंजेक्शन काहीही असलं तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही, हा नियम ठेवा. आणि वयात येताना प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं, हे त्याला आधीच, साधेपणाने सांगा.

'सिग्मा' एकटा असतो, त्याला कुणाची गरज नसते, ही कल्पना मला सगळ्यात घातक वाटते, कारण एकटा मुलगाच त्या ग्रुपांच्या हाती लागतो. उतारा म्हणजे अशी जागा, जिथे मुलगे काहीतरी करत एकत्र असतात आणि आसपास चांगले मोठे पुरुष असतात. नाशिकमध्ये अशा जागांची कमतरता नाही. जुन्या तालमी आहेत, जिथे वस्ताद पोराला आधी झाडू देतो. अंजनेरी, रामशेजचे ट्रेक आहेत. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारकातले कार्यक्रम आहेत, ढोलपथकं आहेत. पथक निवडताना एवढं बघा, की मुलींना तिथे ढोल मिळतो की नुसता झेंडा, आणि सरावानंतर गप्पा कसल्या चालतात.

उदाहरणंही जवळची द्या. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 3000 मैलांची सायकल शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. एक दमला की दुसरा चालवायचा, मागे गाडीत मदतनीसांचा ताफा. ताकद अशीही असते. आणि सावरपाड्याची कविता राऊत: हरसूलजवळच्या आदिवासी पाड्यावरून निघून 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. मुलग्याच्या खोलीत एखाद्या खेळाडू बाईचं पोस्टर असायला काय हरकत आहे? मोठ्या मुलांसाठी मुंबईच्या 'मावा' या संस्थेचं काम शोधून बघा. 1993 पासून ती पुरुष आणि मुलग्यांबरोबर, बाईवरच्या हिंसेविरुद्ध काम करते आहे.

पहिला नकार

कधीतरी त्याला कुणीतरी आवडेल आणि ती नाही म्हणेल. तो आठवडा फार मोलाचा असतो, कारण 'बेवफा' रील्स नेमकी तेव्हाच अंगावर येतात. आपल्याकडे समजूत काढायची पद्धत म्हणजे 'सोड रे, अशा छप्पन मिळतील'. कृपा करून हे म्हणू नका. त्यातून तो शिकतो की मुली बदलीवर मिळतात, आणि त्याचं दुःखही खोटं ठरतं. 'वाईट वाटतंय ना? वाटणारच' एवढं म्हणा, आवडीचं काहीतरी खायला करा, दोन दिवस अभ्यासाचा तगादा कमी करा.

मग थोडं सावरल्यावर स्पष्ट सांगा: तिने नाही म्हटलं म्हणजे नाही. पुन्हा विचारायचं नाही, मित्रांना मध्ये घालायचं नाही, तिच्या क्लासबाहेर उभं राहायचं नाही, तिचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचे नाहीत. दिसली तर नेहमीसारखं बोलायचं, नाही बोलावंसं वाटलं तर शांतपणे निघून जायचं. मुलीचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, हेही सांगा, पण सगळ्यात शेवटी. आधी ती माणूस आहे, मग कायदा.

याची सवय पाच-सहा वर्षांच्या वयापासून लावता येते. बहीण 'गुदगुल्या नको' म्हणाली की थांबायचं. त्याने स्वतः 'पापा नको' म्हटलं तर आजीनेही थांबायचं.

कधी काळजी वाढवायची

एखादा वाह्यात विनोद म्हणजे संकट नाही. पण आई, बहीण, बाई-शिक्षिका यांच्याबद्दल तुच्छता रोजची झाली, जुने मित्र सुटले, झोप उलटी झाली, 'माझ्यासारख्याचं काही होणार नाही' हे वाक्य वारंवार येऊ लागलं, हिंसा करणाऱ्यांचं कौतुक सुरू झालं, तर थांबू नका. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याबद्दल तो बोलला तर त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098, तातडीला 112.

मुलगाही बळी असू शकतो, हे विसरू नका. मुलीच्या नावाने ओळख काढून नग्न फोटो मागवायचा आणि मग पैशासाठी धमकवायचं, हा प्रकार मुलग्यांबरोबर सर्रास होतो. 'मर्दाने फसायचं नसतं' या लाजेने मुलं गप्प बसतात. त्याला आजच सांगून ठेवा: असं काही झालं तर मी ओरडणार नाही, आधी मला सांग. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, 1930 वर किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार करा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही संरक्षण देतो.

आणि शाळेतून फोन आला तर

वर्गातल्या मुलीचा फोटो एआयने बिघडवून ग्रुपवर फिरवला, आणि तुमच्या मुलाने तो बनवला किंवा पुढे पाठवला. पहिल्या प्रतिक्रिया दोनच असतात: 'माझा मुलगा असं करणारच नाही', किंवा कानाखाली. दोन्ही टाळा. फोन ताब्यात घ्या, काही पुसू नका, कुणाकुणाला पाठवलं त्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. मुलांचं लैंगिक स्वरूपाचं चित्र पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीही पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. असा मजकूर नुसता साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. म्हणून वकिलाचा सल्ला त्याच दिवशी घ्या, मात्र शाळेवर 'मिटवून टाका' असा दबाव आणू नका. कुणाची तरी मुलगी त्या वेळी घराबाहेर पडायला घाबरतेय.

त्याला काय केलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा, 'गंमत' हा शब्द न वापरता. शिक्षा म्हणून क्रिकेट किंवा तालीम बंद करू नका, फोन बंद करा. समुपदेशकाकडे किमान काही महिने न्या, एका भेटीने काही होत नाही. मुलीच्या घरी आईवडील दोघांनी मिळून जावं, नुसत्या आईला पुढे करू नये. मात्र आधी शाळेमार्फत विचारा, त्यांना तुम्ही यायला हवे आहात का. माफी मागायला मुलाला सोबत न्यायचं की नाही, हे ती मुलगी आणि तिचे पालक ठरवतील, आणि त्यांनी नको म्हटलं तर ते लेखी पत्र शाळेकडेच राहू द्या.